अलाबामातील बुजवलेला तलाव

मॉंटगोमेरी शहरात उतरलेला प्रवासी प्रथम डेक्स्टर मार्गाकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. कारण १९५५ सालच्या १ डिसेंबर रोजी सायंकाळी रोझा पार्क्स ज्या चौकात बसमध्ये चढल्या तो चौक, त्यांच्या अटकेनंतर दुसऱ्याच दिवशी ज्याच्या तळघरात बसवरील बहिष्काराची मसलत झाली ते लाल विटांचे छोटेसे डेक्स्टर चर्च, आणि अमेरिकेतील यादवीच्या प्रारंभी दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या अध्यक्षाने जेथे शपथ घेतली ते शुभ्र घुमटाचे राज्यभवन, ही तिन्ही स्थळे एकाच चढाच्या रस्त्यावर, एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात उभी आहेत. मी मात्र पहिल्या सकाळी तो चढ चढलो नाही. माझी पावले ओक पार्क नावाच्या एका जुन्या सार्वजनिक बागेकडे वळली, आणि तेथे मला जे पाहावयाचे होते ते साठांहून अधिक वर्षांपूर्वीच मातीने बुजवून टाकलेले होते.

बाग प्रशस्त आणि शांत आहे. मोठमोठ्या वृक्षांच्या सावलीत लोक संथपणे फिरत होते, मुले झोपाळ्यांभोवती गलका करीत होती, आणि त्या गलक्यात गोरी व कृष्णवर्णीय मुले अशी वेगळी काढता येत नव्हती. या बागेत एके काळी एक मोठा जलतरण तलाव होता आणि एक लहानसे प्राणिसंग्रहालयही होते. शहराचा पोटनियम असा की, बागेतून, तलावातून आणि खेळाच्या मैदानांतून गोऱ्यांखेरीज कोणी फिरकू नये. १९५७ साली मार्क गिलमोर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण कामावर जाताना या बागेतून आडवाटेने निघाला, म्हणून पोलिसांनी त्याला मारहाण केली व अटक केली. पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या कुटुंबीयांनी व इतर नागरिकांनी संघन्यायालयात फिर्याद गुदरली. आणि तिचा निकाल लागण्याची वाटही न पाहता नगरपालिकेने १ जानेवारी १९५९ पासून शहरातील सर्व उद्याने कुलूपबंद केली. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी त्या वर्षी निवाडा फिर्यादींच्या बाजूने दिला खरा, परंतु तोपर्यंत उघडण्याजोगे काही उरले नव्हते. संग्रहालयातील प्राणी विकण्यात आले. तलावात माती लोटण्यात आली. उद्याने पुन्हा उघडली ती १९६५ साली, आणि तेव्हाही त्यांत तलाव नव्हता.

आम्हां मराठी माणसांना ही कथा ऐकताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली, आणि तो मामला मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ साल उजाडले. तेथील विटाळाची कल्पना धर्माच्या नावावर उभी होती आणि येथील वर्णाच्या. परंतु पाण्याविषयीचे भय दोहोंकडे एकच होते. महाडच्या लोकांना निदान तळे हवे होते. मॉंटगोमेरीच्या नगरपित्यांनी, शेजाऱ्याने पोहू नये एवढ्याखातर, भर ग्रीष्मात आपल्याच मुलांचेही पाणी तोडले. बागेतील हिरवळीवर उभे राहून तलाव नेमका कोठे असेल याचा अदमास घेत असता मला वाटले की, द्वेषाने स्वतःवर किती दंड बसवून घ्यावा याला या शहरात सीमाच राहिली नव्हती.

त्यातूनही गोऱ्या मुलांच्या पोहण्याची सोय झालीच. नगरपालिकेने वायएमसीए या संस्थेशी गुपचूप करार करून शहरातील क्रीडाविषयक उपक्रम तिच्याकडे सोपवले, आणि खाजगी संस्थेला राज्यघटनेचा निर्बंध लागू नाही या सबबीखाली तिचे तलाव व मैदाने केवळ गोऱ्यांसाठी राखली गेली. १९६९ साली दोन कृष्णवर्णीय मुलांना उन्हाळी शिबिरात प्रवेश नाकारला गेला तेव्हा हा जुना करारनामा दप्तरातून बाहेर निघाला, आणि पुढल्या वर्षी त्याच न्यायाधीश जॉन्सन यांनी ती पळवाटही बंद केली. ज्या शहरात बसमध्ये एकत्र बसण्याचा प्रश्न १९५६ साली सुटला, तेथे एकत्र पोहण्याचा प्रश्न सुटावयास आणखी चौदा वर्षे लागली, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. बसमध्ये माणसे शेजारी बसतात आणि उतरून जातात. खेळात मात्र ती एकमेकांचा घाम, श्वास आणि स्पर्श स्वीकारतात, बरोबरीच्या नियमांनी हरतात आणि जिंकतात. म्हणूनच या राज्यात पंक्तिभेदाची शेवटची तटबंदी मैदानावर आणि पाण्याकाठी उभारलेली होती.

मार्क गिलमोरच्या मातेविषयी चार शब्द लिहिल्याखेरीज मॉंटगोमेरी सोडवत नाही. जॉर्जिया गिलमोर ही एका खाणावळीत स्वयंपाक करणारी स्त्री. बहिष्काराच्या खटल्यात तिने निर्भयपणे साक्ष दिली, आणि तिची चाकरी गेली. तेव्हा तिने आपल्या घरातच चूल पेटवली. तळलेल्या कोंबडीचे सँडविच, केक आणि पाय तयार करून तिने व तिच्या मैत्रिणींनी ते सभांमधून, केशकर्तनालयांतून, घरोघर विकले, आणि त्या पैशातून लोकांना कामावर नेणाऱ्या मोटारींचा खर्च भागवण्यास हातभार लावला. या स्त्रियांच्या मंडळाचे नाव होते ‘कोठूनही नाही’. पैसे कोठून आले असे कोणी विचारलेच तर ‘कोठूनही नाही’ असे खरे उत्तर देता यावे, देणाऱ्या मोलकरणीची नोकरी जाऊ नये आणि देणाऱ्या एखाद्या गोऱ्या शेजारणीवर बालंट येऊ नये, हा त्यातील हेतू. इतिहासाच्या पुस्तकांत बहिष्काराचे ३८१ दिवस एका ओळीत संपतात. परंतु ३८१ दिवस म्हणजे तितक्याच सकाळी कोणीतरी कणीक मळणे आणि तितक्याच सायंकाळी कोणीतरी दुखरे पाय घेऊन घरी परतणे. १९५९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे या शहराची उद्याने कुलूपबंद होऊन जेमतेम एक महिना लोटला असता, डेक्स्टर चर्चचे तरुण धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात उतरले, तेव्हा ज्या गांधींच्या भूमीला वंदन करावयास ते आले होते त्या भूमीला सांगण्याजोगा अनुभव त्यांना या स्वयंपाकघरांनीही दिला होता.

दुपारी मी तो चढ चढलो. राज्यभवनाच्या पायऱ्यांवर पितळेची एक चांदणी बसवलेली आहे. १८६१ साली जेफरसन डेव्हिस याने शपथ घेतली ती जागा. १९६३ च्या जानेवारीत जॉर्ज वॉलेस याने राज्यपालपदाची शपथ मुद्दाम त्याच जागी घेतली, आणि वर्णभेद आज, उद्या व सदासर्वकाळ राहील अशी गर्जना केली. वॉलेस तरुणपणी मुष्टियोद्धा होता. १९३६ व १९३७ साली त्याने आपल्या वजनगटात राज्याचे हौशी विजेतेपद मिळवले होते. १९५८ ची निवडणूक तुलनेने सौम्य भाषा वापरून हरल्यावर त्याने जो पवित्रा बदलला तो निव्वळ डावपेचाचा होता, श्रद्धेचा नव्हता, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते खरे वाटते, आणि खरे असल्यास अधिकच भयंकर वाटते. १९७२ साली एका मारेकऱ्याच्या गोळीने तो कमरेखाली पंगू झाला. १९७९ साली, चाकांच्या खुर्चीत बसून, तो पूर्वसूचना न देता याच डेक्स्टर चर्चमध्ये गेला व त्याने कृष्णवर्णीय भाविकांपुढे क्षमायाचना केली. आणि १९८२ साली अलाबामाच्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी त्याला मते देऊन चौथ्यांदा राज्यपाल केले. क्षमा मागणाऱ्यापेक्षा ती करणाऱ्यांचे अंतःकरण मोठे होते, एवढेच त्या प्रसंगाविषयी मला म्हणता येते.

मॉंटगोमेरीहून पश्चिमेस सेल्माकडे जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग लाउन्ड्स नावाच्या परगण्यातून जातो. दोन्ही बाजूंस कुरणे, पाणथळ जागा, मधूनच एखादे पत्र्याचे घर, वस्ती विरळ. १९६५ च्या आरंभी या परगण्यातील दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होती, आणि त्यांपैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. १९०१ सालच्या राज्यघटनेने हे साधले होते: मताधिकारासाठी डोईपट्टी, साक्षरतेची परीक्षा, मालमत्तेची अट, आणि परीक्षेचा निकाल नोंदणी करणाऱ्या अंमलदाराच्या मर्जीवर. जे धैर्य करून नोंदणीच्या कचेरीत गेले त्यांना जमीनदारांनी कुळवहिवाटीच्या घरांतून बाहेर काढले, आणि या महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून ती कुटुंबे दोन हिवाळे राहिली. त्या तंबूंच्या जागी आज राष्ट्रीय उद्यान खात्याने एक माहितीकेंद्र उभारले आहे.

या केंद्रात मी ठरवले होते त्यापेक्षा फार अधिक वेळ रमलो, आणि त्याचे कारण एक चित्र होते. अलाबामाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राजकीय पक्षास मतपत्रिकेवर एक चिन्ह असणे आवश्यक होते, कारण मतदारांत निरक्षरांची संख्या मोठी होती. निवडणूक चिन्हांच्या देशातून आलेल्या मला हे समजावून सांगावे लागले नाही. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते, आणि त्याभोवती गोऱ्यांचे वर्चस्व घोषित करणारे शब्द छापलेले असत. तेव्हा लाउन्ड्सच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी, स्टोकली कार्मायकल व त्यांच्या विद्यार्थी सहकाऱ्यांच्या साहाय्याने, १९६६ च्या निवडणुकीसाठी आपला स्वतंत्र पक्ष स्थापन केला आणि चिन्ह घेतले ते झेप घेणाऱ्या काळ्या चित्त्याचे. हे चित्र आले कोठून? अटलांटा शहरातील क्लार्क महाविद्यालयाच्या खेळाडूंचे मानचिन्ह चित्ता होते. त्यावरूनच कार्यकर्त्या तरुणींनी ते गिरवून घेतले. म्हणजे महाविद्यालयीन क्रीडांगणावर आपल्या संघाच्या जयघोषासाठी मिरवलेले एक श्वापद शेतमजुरांच्या मतपत्रिकेवर येऊन बसले. त्या नोव्हेंबरात त्यांचे सर्व उमेदवार पराभूत झाले. परंतु त्याच शरद ऋतूत कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी ते चिन्ह व ते नाव उचलले आणि ‘ब्लॅक पँथर’ हा शब्द जगभर गेला. आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांनी, खेड्यापाड्यांत दलितांवर होणाऱ्या अत्याचारांनी संतप्त होऊन, आपल्या संघटनेस ‘दलित पँथर’ हे नाव दिले.

मी त्या चित्रापुढे उभा होतो तेव्हा माझ्या मनात मुंबईतील चाळींच्या भिंती होत्या. महाराष्ट्रात ज्या नावाने एका संबंध पिढीची भाषा बदलली, साहित्य बदलले, त्या नावाचा उगम डांबरी सडकेच्या कडेच्या या निर्जन परगण्यात असेल, आणि त्याच्याही मागे एका महाविद्यालयाचा फुटबॉलचा संघ असेल, ही कल्पना कोणी आधी सांगितली असती तर ओढूनताणून आणलेली वाटली असती. केंद्रातील सेवकास मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी ‘दलित’ हा शब्द माझ्याकडून दोन वेळा उच्चारून घेतला, आणि मग टाचणवहीत लिहून ठेवण्यासाठी त्याचा अर्थ विचारला. १९६६ च्या त्या पराभवानंतर चार वर्षांनी, १९७० साली, त्याच चित्त्याच्या पक्षाचे धुरीण जॉन ह्युलेट या परगण्याचे शेरीफ म्हणून निवडून आले.

सेल्माचा एडमंड पेटस पूल दुरून कमानदार आणि देखणा दिसतो, पण त्याची खरी रचना पायी चालल्यावाचून कळत नाही. अलाबामा नदीवरील हा पूल मध्यभागी इतका उंचावला आहे की, गावातून निघालेल्या माणसास पलीकडले काहीच दिसत नाही. माथ्यावर पोहोचल्यावरच समोरचा उतार एकदम दृष्टीस पडतो. ७ मार्च १९६५ रोजी जॉन लुईस व होझिया विल्यम्स यांच्या मागोमाग मतदानाच्या हक्कासाठी निघालेली सुमारे ६०० माणसे दोन-दोनच्या रांगेने या माथ्यावर आली, तेव्हाच त्यांना खाली ओळीने उभे असलेले राज्याचे पोलीस व शेरीफचे घोडेस्वार दिसले. ती थांबली नाहीत. लाठ्यांचा मार, अश्रुधूर, घोड्यांच्या टापा, आणि लुईस यांच्या कवटीला झालेली जखम हे सर्व चित्रवाणीच्या फितीवर उतरले आणि त्याच रात्री देशाने पाहिले. दोन आठवड्यांनी न्यायालयाच्या संरक्षणाखाली मोर्चा पुन्हा निघाला व ५४ मैल चालून २५ मार्चला राज्यभवनाच्या पायथ्याशी पोहोचला. ६ ऑगस्टला मतदान-हक्काचा कायदा झाला. त्या माथ्यावर मी बराच वेळ उभा राहिलो. नदीवरून वारा येत होता. खाली मालवाहू मोटारी नित्याच्या वेगाने ये-जा करीत होत्या. ज्या कायद्यासाठी येथे रक्त सांडले त्याचे एक मर्मस्थान सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निष्प्रभ केले, आणि तो खटलाही याच राज्यातील शेल्बी परगण्याने चालवला होता.

टस्कलूसा हे अलाबामा विद्यापीठाचे गाव आहे, आणि त्याहूनही अधिक ते फुटबॉलचे गाव आहे. हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हाती धरून, शिरस्त्राणे व कवचे घालून खेळावयाचा अमेरिकन खेळ. एक लाख प्रेक्षक मावतील असे क्रीडागार गावाच्या मध्यभागी उभे आहे, आणि त्याच्या प्रवेशमार्गावर विजयी प्रशिक्षकांचे ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांतील पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्या पुतळ्यापाशी वडील मुलांना उभे करून छायाचित्रे घेत होते. १९५८ ते १९८२ या पंचवीस हंगामांत त्यांनी सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद आणले, आणि त्यांचे नाव घेताना माणसांचा स्वर आजही आदराने मंदावतो.

तेथून थोड्याच अंतरावर उंच पांढऱ्या खांबांची एक इमारत आहे: फॉस्टर सभागृह. नाव सभागृहाचे असले तरी आत बास्केटबॉलचे मैदान आहे, आणि विद्यार्थ्यांची नावनोंदणी तेथेच होत असे. ११ जून १९६३ रोजी राज्यपाल वॉलेस याच दारात आडवा उभा राहिला तो व्हिव्हियन मलोन व जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मज्जाव करण्यासाठी. आणि अध्यक्ष केनेडी यांच्या हुकुमाने राज्यदलाच्या सेनापतीने येऊन सांगितल्यावर तो बाजूस झाला. मलोन १९६५ साली पदवीधर झाल्या. यापूर्वी १९५६ साली ऑथरीन लुसी या तरुणीला याच विद्यापीठाने, बाहेर दंगल झाली ती तिच्यामुळे, असा न्याय लावून काढून टाकले होते; तो आदेश १९८८ साली रद्द झाला, त्या पुन्हा शिकावयास आल्या, आणि १९९२ साली आपल्या कन्येबरोबरच त्यांनी पदवी घेतली. त्या तिघांच्या नावांचे प्रांगण व घड्याळमनोरा आता या दारासमोर आहे.

वर्गाचे दार १९६३ साली उघडले. फुटबॉलच्या संघाचे दार मात्र बंदच राहिले. १९६६ साली हा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय क्रमवारीत तिसरा ठरला, तेव्हा आपल्या केवळ गोऱ्या संघास देश यापुढे मुकुट देणार नाही अशी जाणीव अनेकांना झाली. १९६७ साली पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी आपण होऊन सरावास उतरले. १९६९ साली विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने, संघात कृष्णवर्णीय खेळाडूंची भरती होत नाही म्हणून, ब्रायंट यांच्यावर फिर्याद केली. त्यांचे वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन, ज्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्याच कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले होते, आणि जे पुढे १९८० साली अलाबामातील पहिले कृष्णवर्णीय संघन्यायाधीश झाले. आणि मग लोकांच्या मुखी असलेला तो सामना आला: १२ सप्टेंबर १९७०, बर्मिंगहॅमचे लीजन फील्ड, कॅलिफोर्नियाचा संमिश्र संघ. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने एकट्याने १३५ यार्ड चेंडू नेला, आणि अलाबामाचा संघ ४२ विरुद्ध २१ असा पराभूत झाला. या एका सायंकाळी अलाबामाचे डोळे उघडले, बापड्या ब्रायंटना जे करावयाचे होते ते लोकांनी आता करू दिले, अशी कथा उपाहारगृहातून, संग्रहालयातून, टॅक्सीतून मला निदान पाच वेळा ऐकावयास मिळाली.

या कथेला माझा विरोध आहे, आणि तो मी प्रत्येक वेळी शक्य तितक्या नम्रतेने बोलूनही दाखवला. त्या दिवशी विल्बर जॅक्सन नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू अलाबामाच्या शिष्यवृत्तीवर विद्यापीठात आलेलाच होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास खेळू न देण्याचा शिरस्ता असल्यामुळे तो प्रेक्षकांत बसला होता. म्हणजे दार सामन्यापूर्वीच किलकिले झाले होते, आणि ते ढकलले होते फिर्याद करणाऱ्या विद्यार्थ्यांनी, बिनबोलावता सरावास उतरलेल्या त्या पाच जणांनी, आणि त्यांच्याही आधी दंगलखोरांच्या जमावातून वर्गात गेलेल्या ऑथरीन लुसीने. सामन्याने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही; हजारो प्रेक्षकांची समजूत त्याने एका संध्याकाळी हलवली असेल. परंतु एका पराक्रमी धावेला सारे श्रेय देणे म्हणजे ज्यांनी तुरुंग व मारहाण सोसली त्यांच्या हातून ते काढून घेणे होय. पुढल्या वर्षी, १९७१ साली, जॉन मिचेल हा मोबील शहरातील तरुण प्रत्यक्ष मैदानात उतरला आणि अलाबामाने कॅलिफोर्नियात जाऊन त्याच संघाचा १७ विरुद्ध १० असा पराभव केला. ही गोष्ट मात्र त्या कथेत क्वचितच येते.

बर्मिंगहॅम हे पोलादाचे शहर. येथील नगरपालिकेने १९५० साली जो नियम केला तो मी शब्दशः वाचला तेव्हा माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना: गोऱ्या व कृष्णवर्णीय माणसांनी परस्परांबरोबर पत्ते, फासे, डॉमिनो, चेकर्स, बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल वा तत्सम कोणताही खेळ खेळणे हा गुन्हा. दोन माणसांनी एका पटाच्या दोन बाजूंस बसणेही कायद्यास असह्य होते. १९५४ च्या जानेवारीत नगर-आयोगाने बेसबॉल व फुटबॉलपुरती सूट दिली, तर जूनमध्ये मतदारांनी, विरोधी मतांच्या जवळजवळ तिप्पट मते देऊन, ती सूट काढून घेतली. परिणामी दक्षिणेतील बेसबॉलची जुनी व्यावसायिक संघटनाच १९६१ च्या हंगामानंतर मोडली, कारण तिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यावयाचे नव्हते. आणि १९६२ च्या प्रारंभी मॉंटगोमेरीप्रमाणे याही शहराने साठांहून अधिक उद्याने बंद केली.

या साऱ्यामागे ज्याचा हात होता तो पोलीस खात्याचा आयुक्त युजीन ‘बुल’ कॉनर राजकारणात आला तो खेळाच्याच मार्गाने. १९३० च्या सुमारास तो नभोवाणीवर बेसबॉलचे वर्णन करीत असे. तारेवरून आलेल्या त्रोटक बातमीवरून सबंध सामना श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करण्याची त्याची हातोटी होती, आणि त्या लोकप्रियतेवर १९३४ साली तो कायदेमंडळात निवडून गेला. ज्या आवाजाने घराघरांत खेळाचा आनंद नेला त्याच आवाजाने १९६३ च्या मेमध्ये शाळकरी मुलांवर अग्निशामक नळ व कुत्रे सोडण्याचे हुकूम दिले. केली इंग्राम उद्यानात आता त्या कुत्र्यांची शिल्पे आहेत. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी ती अंगावर झेपावत आलेली आहेत, आणि त्यांच्यामधून चालताना अंग चोरल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. समोरच सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी तेथे झालेल्या स्फोटात अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर या चार मुली मृत्यू पावल्या. एका अपराध्यास शिक्षा झाली ती १९७७ साली, दुसऱ्यास २००१ आणि तिसऱ्यास २००२ साली. त्या शेवटच्या दोन खटल्यांत सरकारी बाजू मांडणारे डग जोन्स २०१७ साली अलाबामाचे सिनेटर म्हणून निवडून आले, आणि २०२० साली त्यांचा पराभव केला तो ऑबर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे पूर्वीचे प्रशिक्षक टॉमी ट्युबरव्हिल यांनी. या राज्यात मैदान आणि मतपेटी यांच्यातले अंतर आजही फार नाही.

शेवटची दुपार मी रिकवूड फील्डसाठी राखून ठेवली होती. १८ ऑगस्ट १९१० रोजी उघडलेले हे अमेरिकेतील सर्वांत जुने व्यावसायिक बेसबॉल मैदान. गोऱ्यांचा संघ ‘बॅरन्स’ आणि कृष्णवर्णीयांचा ‘ब्लॅक बॅरन्स’ हे दोन्ही येथे खेळत; परंतु परस्परांशी कधीही नाही. गोऱ्यांच्या सामन्याला आलेल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी उजव्या कडेचा उघडा सज्जा राखलेला असे. पुण्याच्या गोऱ्या जिमखान्यावर साहेबांना तासन् तास गोलंदाजी करून, पुढे हिंदूंच्या संघासाठी बळी घेऊनही, चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात बाहेर घ्यावा लागलेले दलित गोलंदाज पालवणकर बाळू यांना या सज्जाचा अर्थ कोणी सांगावा लागला नसता. १९४८ साली सतरा वर्षांचा विली मेज, शाळा सांभाळून, ब्लॅक बॅरन्सकडून येथे खेळू लागला. जवळच्या पोलादवस्तीतला हा मुलगा पुढे बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. २० जून २०२४ रोजी त्याच्या गौरवार्थ येथे प्रथमच राष्ट्रीय लीगचा अधिकृत सामना झाला. दोनच दिवस आधी, वयाच्या ९३ व्या वर्षी, मेज निवर्तला होता.

राखणदाराने फाटक उघडून दिले आणि हवे तेथे बसा असे सांगितले. मैदानावर कोणत्याशा शाळेचा संघ सराव करीत होता. लाकडी फळीवर चेंडू आपटल्याचा आवाज रिकाम्या छपराखाली घुमत होता. मी मुख्य आसने ओलांडून उजव्या कडेच्या सज्जात गेलो. तेथून यष्टीची जागा फार दूर दिसते, आणि ऊन थेट डोळ्यांवर येते. एक उंच चेंडू माझ्याच दिशेने आला. त्यामागे धावत आलेल्या मुलाने तो कुंपणापाशी झेलला, माझ्याकडे पाहून हात उंचावला, आणि परत फेकला. सराव संपेपर्यंत मी तेथेच बसून राहिलो.